विहीणबाईंच्या हातावरची कॉफी

आमच्याकडे कॉफी म्हणजे उपासाच्या दिवशी किंवा घसा धरला तर घ्यायची गोष्ट. दुधात पाकिटातली पावडर, भरपूर साखर आणि वर जायफळ. येडगावात अजूनही बऱ्याच घरांत तसंच आहे. मला तिची दुसरी चव लागली ती पुण्याच्या कारखान्यात. मी तिथे बॉयलरच्या खोलीत फिटर होतो, तिथेच माझे केस पांढरे झाले. एकदा नवीन मशीन बसवायला परदेशातून एक इंजिनिअर आला होता. त्याला कँटीनचा चहा सोसेना. त्याने बॅगेतून ॲल्युमिनियमचं एक आठ कोनी भांडं काढलं, आमच्या खोलीतल्या हॉट प्लेटवर ठेवलं, आणि थोड्या वेळाने त्यातून गुरगुर आवाज यायला लागला. त्याने मलाही प्लॅस्टिकच्या कपात दोन घोट दिले. काळीभोर, कडू, आणि गिळल्यावरसुद्धा भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी जिभेवर राहणारी. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ते भांडं मला लगेच कळलं. खाली पाणी, मधल्या चाळणीच्या वाटीत पूड, वर रिकामं भांडं. पाणी तापलं की वाफ त्याला पुडीतून वर ढकलते. आमच्या बॉयलरचंच धाकटं भावंड म्हणायचं. खालच्या भागाला एक पितळी सेफ्टी वाल्वसुद्धा होता, करंगळीच्या नखाएवढा.

पुढे कंपनीने जुन्या लोकांना लवकर मोकळं केलं. मी गावी आलो, धरणाच्या पाण्यालगतची आमची जमीन करायला लागलो. लेक पुण्यातच एका लॅबमध्ये नोकरीला होती. तिच्याकडे गेलो की रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर व्हायचीच. नळ, पक्कडी, पाने, बंद पडलेले मिक्सर यांच्या ढिगात मला एकदा तसलंच भांडं दिसलं. दांडा वितळलेला, आतून काळं पडलेलं. विकणाऱ्याला ते काय आहे ते माहीत नव्हतं, तो त्याला अत्तराची किटली म्हणत होता. मी ते घरी आणलं, चिंचेने घासलं, रबराची नवीन रिंग कापून बसवली, लाकडाचा दांडा केला. मग नाद लागला. वर्षभरात तशी आणखी दोन-तीन मिळाली, लहानमोठी. बायको त्यांना सगळ्यांना मिळून ‘तुमची भंगारातली पोरं’ म्हणायची.

घरात गॅसवर ती कॉफी मला कधी जमली नाही, म्हणजे चव जमली, पण मजा आली नाही. खरी मजा शेतात. मोटारीच्या खोलीशेजारी, बांधावर, जिथून धरणाचं पाणी दिसतं. छोटी शेगडी, वाऱ्याला अडवायला डब्याचा कापलेला पत्रा. पाणी आधीच कढत घ्यायचं, म्हणजे पूड उगीच भाजत बसत नाही. पूड रव्यासारखी जाडसर ठेवायची. आच बारीक. झाकण उघडं ठेवून बघत बसायचं. पहिली धार मधासारखी येते, आणि ती फिकी होऊन फेस यायला लागला की भांडं उचलून त्याचं बूड ओल्या फडक्यावर टेकवायचं. हे सगळं मी माझं माझं शोधून काढलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. शेजारच्या वावरातला गडी एकदा कपात डोकावून म्हणाला होता, “राव, हे औषध हाय का पितळ चमकवायचं?” त्यालाही मी बसवून दोन कप पाजले. आला-गेला कुणी असू दे, मी त्याला बांधावर नेऊन कॉफी करून दाखवत असे. लोकांना कॉफीपेक्षा माझं कौतुक करावं लागत असणार. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लेकीचं जमलं ते निरगुडसरच्या मुलाशी. दोघं पुण्यात ओळखीचे, त्यांनी एकमेकांना पसंत केलेलं. आपल्यातलेच लोक, शेतीवाडी असलेले, मुलगा नोकरीला. आम्हाला नाही म्हणायला काही कारण नव्हतं, त्यांनाही नसावं. तरी रीत म्हणून एका रविवारी ते आमच्याकडे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि चुलते. जेवणं झाली. मुलाचे वडील कमी बोलणारे, चुलते त्यांच्या वाटणीचंही बोलणारे. मुलाची आई अंगाने बारीक, डोळे मात्र सगळीकडे फिरणारे. स्वयंपाकघरात जाऊन तिने माझ्या बायकोला पिठलं कसं केलं ते विचारलं, गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. लेकीने आधीच सांगून ठेवलेलं असावं, कारण बाहेर आल्यावर तिने मलाही विचारलं.

“भाऊ, तुमी म्हणं शेतात कॉफी करता. आमाला दाखवा की.”

मला तेवढंच हवं होतं.

माणसं जास्त, म्हणून मी मोठं भांडं काढलं. ते मागच्याच खेपेला जुन्या बाजारातून आणलेलं, अजून एकदाही वापरलेलं नव्हतं. बाहेरून ते मी असं घासलं होतं की त्यात तोंड दिसावं. रिंग बदलली होती. वाल्व मी आतून बघितला नव्हता. त्याच्या टोकाला खिळ्यासारखा बारीक दांडा असतो, तो बोटाने दाबला की आतबाहेर हलला पाहिजे. कारखान्यात मोठ्या वाल्ववर मी हेच काम इतकी वर्षं केलं होतं, हजेरी लावल्यावर पहिलं काम तेच. घरी ते करायचं मला सुचलंही नाही. जाडसर पूड संपली होती म्हणून कॉफीच्या बिया मिक्सरला फिरवल्या, त्या घाईत पिठासारख्या बारीक झाल्या. कडक व्हावी म्हणून वाटीत पूड भरून चमच्याने दाबली. हे मी आता इतकं स्पष्ट सांगतो आहे, कारण त्यानंतर मी ते मनात पुन्हा पुन्हा केलेलं आहे.

बांधावर सतरंजी टाकली. मुलाचे वडील आणि चुलते उसाच्या कडेला उभे राहून पाण्याकडे बघत होते. मुलगा आणि लेक जरा लांब. बायको घरून कप आणायला गेली होती. मुलाची आई मात्र शेगडीजवळ येऊन उकिडवी बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. आजवर इतक्या लोकांना मी ते भांडं दाखवलं, पाणी वर कसं जातं हे कुणी विचारलं नव्हतं. तिने विचारलं.

मी सांगायला लागलो. वाफेचं सांगितलं, चाळणीचं सांगितलं. ती म्हणाली, “आणि वाफ लई झाली तर? कुकरसारखं फुटत न्हाई ना?”

मी त्या पितळी वाल्वकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, “त्याच्यासाठी हा असतो, ताई. जास्त झालं की इथून निघून जातं. मी आयुष्यभर हेच काम केलंय. काळजी करू नका.”

ती आणखी जरा पुढे सरकली, वाल्व बघायला.

धार काही येत नव्हती. नेहमी लागतो त्यापेक्षा वेळ जास्त लागत होता, हे मला कळत होतं. वारा असेल असं मी मनात म्हटलं आणि आच वाढवली. मग एकदम फाटकन आवाज झाला. वरचं भांडं आट्यांवरून सुटून उसात गेलं, आणि खालचं सगळं, उकळतं पाणी आणि चिखलासारखी पूड, ती बसली होती त्या बाजूला उडालं. तिचा उजवा हात, बोटांपासून कोपरापर्यंत. थोडं मानेवर. ती ओरडली नाही. “आई गं” असं हळू म्हणाली आणि हात अंगापासून लांब धरून बसून राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

पहिल्यांदा धावली ती माझी लेक. तिने बांगड्या कापून काढा असं सांगितलं, मोटार चालू करायला लावली आणि पाइपच्या पाण्याखाली तो हात धरून ठेवला. मी गॅस बंद केला. तेवढंच मला सुचलं. मुलाच्या वडलांनी गाडी बांधापर्यंत आणली. लेक तिला धरून मागे बसली, मुलगा पुढे, आणि ते नारायणगावला दवाखान्यात गेले. बायको कप घेऊन आली तेव्हा गाडी निघाली होती. मला कुणी ये म्हणालं नाही. मी आणि चुलते मागे राहिलो. ते सतरंजी झटकत होते. तिच्यावर काळे डाग पडले होते. घडी घालता घालता ते मला म्हणाले, अगदी साध्या आवाजात, “चहा टाकला असता, भाऊ, तरी चाललं असतं आमाला.”

मी उसात शिरून वरचं भांडं शोधून आणलं. संध्याकाळी ते आणि खालचा भाग घेऊन मागच्या अंगणात बसलो. वाल्व उघडून बघितला. आतून तो पांढऱ्या क्षाराने दगडासारखा बसला होता, खिळा जागचा हलत नव्हता. आधीच्या कुणीतरी बोअरचं पाणी वापरून वापरून तो बुजवला होता. बाहेरून मात्र मी चमकवलेला.

बायको दारात येऊन उभी राहिली. “कशानं झालं?”

“वाल्व बुजला होता.”

“तुमी कंपनीत तेच बघायचा ना?”

“हो.”

ती आत गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत तिने मला याबद्दल दुसरा शब्द विचारलेला नाही. ती विचारत नाही याची मला भांडणापेक्षा जास्त धास्ती वाटते.

चार-सहा दिवसांनी आम्ही दोघं निरगुडसरला गेलो. बरोबर फळं घेतली होती, ती हातात धरून दारात उभं राहताना आपण एखाद्या दुखण्यातल्या माणसाला भेटायला आलो आहोत की गुन्ह्याची जागा बघायला, हे मला कळेना. ती ओसरीवर बसली होती. हात बोटांपर्यंत पट्टीत, गळ्यात झोळी. आम्हाला बघून उठली, बसा म्हणाली, होणाऱ्या सुनेचं माहेर म्हणून जे करायचं ते सगळं केलं, फक्त चहा शेजारच्या मुलीने आणला. मी म्हणालो, “ताई, माझ्यामुळं झालं.” ती म्हणाली, “व्हतं असं. भांडी हायेत, फुटायचीच.” आणि ताबडतोब माझ्या बायकोशी कांद्याच्या रोपांबद्दल बोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी एकटा मोटरसायकलवर गेलो, घरची टोमॅटोची जाळी घेऊन. नंतर आणखी एकदा गेलो. मला वाटायचं, जात राहिलं पाहिजे. आता वाटतं, मी गेलो की त्या घरातल्या सगळ्यांना काम सोडून माझ्यासमोर बसावं लागत होतं.

त्या तिसऱ्या खेपेला गावातल्या बायका आल्या होत्या हात बघायला. चार-पाच जणी ओसरीवर बसलेल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. एकीने विचारलं, “पण एवढं भाजलं कसं गं?”

ती म्हणाली, “चहाचं पातेलं सांडलं. माझ्याच हातून.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“एवढं वय झालं,” दुसरी हसत म्हणाली, “आता सून येणार, आणि हिला अजून चहा गाळता येईना.” सगळ्या हसल्या. तीही हसली. तिसरी म्हणाली, “सुनेला सांगा बाई, सासूला चुलीपाशी जाऊ देऊ नको.” पुन्हा हसल्या. ती पट्टीतला हात मांडीवर घेऊन बसून होती आणि तिला नीट हसता येत नव्हतं. ज्या बाईने त्या दिवशी पाण्याखाली हात धरताना एक शब्द काढला नाही, तिला माझ्या देखत माझ्यासाठी वेंधळी व्हावं लागत होतं.

मला ते बसल्या जागी सोसेना. मी म्हणालो, “त्यांच्या हातून नाही सांडलं. मी करत होतो. माझं भांडं फुटलं.”

एकीने पदर सारखा केला. “म्हंजे येडगावला झालं व्हय हे?” असं कुणीतरी विचारलं. मी हो म्हणालो. सांगितलं सगळं, वाल्वसकट. सांगताना मला हलकं वाटत होतं. हे मला चांगलं आठवतं, आणि त्याचीच मला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

बायका लवकर उठल्या. त्या गेल्यावर ती माझ्याजवळ आली. रागावली होती, पण आवाज खालचाच होता.

“भाऊ, कशाला बोललात? मी सांगितलं व्हतं ना सांडलं म्हणून. आता गावभर व्हईल, सोयऱ्याच्या घरी पाय ठेवला आन् सासू भाजली. तुमच्या लेकीला इथंच नांदायचंय. तिच्या नावाला लागंल ते.”

मी म्हणालो, “तुम्हाला त्या हसत होत्या.”

“मला हसून किती हसतील?” ती म्हणाली. “दोन दिस हसल्या असत्या.”

मी मोटरसायकल चालू केली आणि येताना मंचरपर्यंत कुठल्या गियरमध्ये आलो ते मला सांगता येणार नाही.

तिने म्हटलं तसंच झालं. चुलत्यांनी फोन केला, मला नाही, माझ्या मेहुण्याला. त्यांचं म्हणणं असं की पहिल्याच बैठकीत रक्ताचं नाही तरी कातडीचं विघ्न आलं, घरातली थोरली माणसं बरं बोलत नाहीत, तेव्हा जरा थांबू. थांबू म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. लेक पुण्याहून आली. मला वाटलं रडेल. ती जेवली, भांडी घासली, मग माझ्यासमोर येऊन बसली.

“पप्पा, तुम्ही खरं बोललात ते बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण ते बोलायच्या आधी त्यांना विचारलं का? मला विचारलं का?”

मी नाही म्हणालो.

“भाजलं त्यांना. त्यांनी काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं.”

सकाळी ती पहिल्या एस.टी.ने परत गेली. मी स्टँडवर सोडायला गेलो, तिने पिशवी माझ्या हातात दिली नाही, स्वतःच धरली.

पुढचे दिवस मी शेतात जायचो आणि मोटारीच्या खोलीच्या पलीकडे जायचो नाही. बांधावर काळा डाग होता, पावसाळ्यापर्यंत राहिला. बाकीची भांडी पोत्यात भरून माळ्यावर टाकली. शेजारचा गडी एकदा म्हणाला, “आता तुमची ती कडू मिळत न्हाई.” त्याला गावात काय बोललं जातं ते माहीत होतं, तरी तो सहज म्हणाला, का मुद्दाम म्हणाला, हे मी दिवसभर ठरवत बसलो.

लग्न झालं ते मुलाच्या आईमुळे. कसं झालं हे मला लेकीकडून कळलं, आणि लेकीला मुलाकडून. चुलते आणि घरातली आणखी दोन माणसं बैठकीला बसली असताना ती आतून आली, पट्टी नुकतीच सुटलेला हात सगळ्यांसमोर सतरंजीवर ठेवला आणि म्हणाली, “भाजलं मला. अपशकुन झाला का न्हाई ते मी सांगीन. मला झाला नाय.” चुलते म्हणाले, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, “लोकांना हात दाखवीन. बघू दे.” मुलाचे वडील, ते कमी बोलणारे, तेव्हा एवढंच म्हणाले की तारीख काढा.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला, नाही असं नाही. पण आधी डोळ्यांसमोर आलं ते तिने तो हात सतरंजीवर ठेवला ते. माझ्या लेकीचं लग्न व्हावं म्हणून तिला आपलं भाजलेलं कातडं चार पुरुषांसमोर पसरावं लागलं होतं.

लग्न नारायणगावच्या बाहेरच्या एका कार्यालयात झालं. मंडप मोठा, माणसं भरपूर, जेवण चांगलं. मी फेटा बांधून दारात उभा होतो. वऱ्हाड आलं, आणि मी पहिल्यांदा मुलाच्या आईचे हात बघितले. डाव्या हातात कोपराकडे जाणारा हिरवा चुडा भरलेला. उजवा मनगटापासून मोकळा. कातडी अजून कोवळी, ओढलेली, बांगडी चढली असती तर सोलली असती. स्वतःच्या मुलाच्या लग्नात एका हाताने भरलेली आणि एका हाताने ओकी अशी ती आली होती. बायका तिच्या त्या हाताकडे बघायच्या आणि मग नजरेने मला शोधायच्या. ती मात्र दोन्ही हात उघडे टाकून फिरत होती, पदराखाली लपवत नव्हती. विहिणी-विहिणींची भेट झाली तेव्हा माझ्या बायकोने तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना. मग आम्हा व्याह्यांची गळाभेट. ते मला घट्ट भेटले. बोलले काही नाहीत. त्यांच्या खांद्यावरून मला ती दिसत होती, पाहुण्यांना अक्षता देत होती, उजव्याच हाताने, आणि करंगळी सरळ होत नव्हती.

ती करंगळी आजही सरळ होत नाही. निरगुडसरला जेवायला बसलो की ती स्वतः वाढते. डावा हात वाढायला चालत नाही, म्हणून पळी उजव्या हातात चार बोटांत धरते, तिरकी. आमटी कधी माझ्या ताटाबाहेर सांडते. ती “अगं बाई” म्हणून पुसते. मी पोट भरलं असं सांगतो, खरंच भरलेलं असो नसो. माझी लेक तिच्या हाताला रोज खोबरेल चोळून देते असं जावई सांगतात. त्या दोघींचं चांगलं जमतं. लेक तिच्याबद्दल बोलायला लागली की आवाज बदलतो, लहानपणी माझ्याबद्दल बोलताना असायचा तसा होतो.

यंदाच्या थंडीत विहीणबाई दोन दिवस आमच्याकडे राहायला आल्या. लेक सोबत होती. पहिल्या दिवशी बायको त्यांना घेऊन पाण्याकडे गेली, थंडीत तिथे लांबून पक्षी येतात. परत आल्यावर त्या अंगणात पाय धूत होत्या. मी जवळून चाललो होतो, तेव्हा म्हणाल्या, “तुमी करत न्हाई का आता?”

काय, असं विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, “नाही. ते भांडं मी फोडून भंगारात घातलं.”

“बाकीची व्हती ना?”

“माळ्यावर आहेत.”

“मग काढा की एक. उद्या करा.”

मी बायकोकडे बघितलं. ती गोठ्याकडे निघून गेली. लेक म्हणाली, “आत्या, कशाला?” निरगुडसरला सासूला आत्या म्हणायची रीत आहे. त्या म्हणाल्या, “आगं, घेतली कुठं व्हती मी? नुसती अंगावर घेतली.” आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी माळ्यावरून सगळ्यात लहान भांडं काढलं. वाल्व सोडवून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला, सकाळी तो पुन्हा पुन्हा दाबून बघितला. आटे बोटाने चाचपले. पूड जाडसर, वाटीत नुसती ओतलेली, दाबली नाही. पाणी फिल्टरचं. बांधावर शेगडी मांडली आणि मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो.

त्या आल्या, पण जवळ आल्या नाहीत. मोटारीच्या खोलीच्या भिंतीच्या आडोशाला, चांगल्या लांब, दगडावर बसल्या. “मी हितनंच बघते, भाऊ,” असं त्यांनी मला ओरडून सांगितलं. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्या लपवत नव्हत्या. उजवा हात त्यांनी डाव्या काखेत घालून ठेवला होता.

धार आली. मधासारखी आली. मी लगेच आच बंद केली, फेस यायची वाटही पाहिली नाही. लेकीने कप त्यांच्याकडे नेऊन दिला. त्यांनी वास घेतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“लई कडू हाय,” त्या तिथून म्हणाल्या.

मी म्हणालो, “साखर आणतो.”

“आणा.”

मी घरी जाऊन साखरेचा डबा आणला आणि लेकीच्या हातात दिला. दोन चमचे घालून त्या हळूहळू पीत राहिल्या, निम्म्यावर आल्यावर लेकीशी कांद्याबद्दल बोलायला लागल्या, कप तसाच मांडीवर. संपवली का टाकून दिली हे मी बघितलं नाही. मी शेगडीकडे तोंड करून भांडं धूत बसलो. ते थंड व्हायच्या आतच मी त्यात पाणी ओतलं, चटका बसला, तरी धूत राहिलो. मागे त्या दोघींचं बोलणं चालू होतं, मग बायकोही येऊन त्यांच्यात बसली. मला कुणी बोलावलं असतं तर मी गेलो असतो, असं मी आता म्हणतो. पण बहुतेक गेलो नसतो. त्या उठून घराकडे चालू लागेपर्यंत ते भांडं माझ्या हातात होतं, आणि धुण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.